इझुमीच्या मागची फुलं

मासिकाची दोरी त्या दोघांनी दातांनी तोडली, तेव्हाच मी उठून जायला हवं होतं. आमचं मासिक दर महिन्याच्या तीन तारखेला दुकानात येतं. आत काहीतरी फुकटची वस्तू कोंबलेली असते, या खेपेला हातआरसा होता, आणि ती कुणी काढून नेऊ नये म्हणून मासिकाला उभी-आडवी दोरी बांधतात. स्टेशनजवळच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसून मी गरम निकुमान, म्हणजे मांस भरलेला वाफवलेला पाव, खात होते. दुपारचं ऊबदार ऊन पाठीवर होतं, कामावर जायला वेळ होता आणि मी मजेत होते. शेजारी शाळेतली दोघं येऊन बसली. एक बुटकी मुलगी, केसांत इतक्या पिना की चुंबक फिरवला तर चिकटेल. आणि एक उंच पोर, शाळेची पँट, वर गुडघ्यापर्यंत लोंबणारं स्वेटर, बाह्यांत बोटं दडवलेली. पैसे दोघांनी मिळून काढलेले दिसत होते, कारण मासिक अर्धं हिच्या मांडीवर होतं आणि अर्धं त्याच्या. आरशाकडे दोघांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ आमची चित्रकथा उघडली. चौदा वर्षं मी या गोष्टींतल्या माणसांच्या मागचं काढते आहे, म्हणजे खिडक्या, जिने, सायकली, ढग, फुलं. पण कुणी अनोळखी माणूस माझं काम बघताना मी कधी बघितलं नव्हतं. निकुमान तोंडात तसाच राहिला.

"थांब, मागे जा," बुटकी म्हणाली. "इझुमीच्या मागे फुलं आहेत!"

"कुठे?"

"कुठे काय? डोळे आहेत की बटणं? ही बघ. सायोच्या मागे काही नाही, कोरं. सगळी फुलं इझुमीच्या मागे."

उंच पोराने मासिक आपल्याकडे ओढलं, मिटलं, पुन्हा उघडलं. फुलं तिथेच होती. मग ते हळूच म्हणालं, "चुकून झालं असेल."

"अशी चूक कोण करतं?"

मी. मी केली होती ती चूक, आणि ती मला आत्ता, या बाकावर, जीभ भाजलेली असताना कळत होती. मान लांब करून मी त्या पानाकडे पाहिलं. माझीच फुलं. सतरा मोठी, लहान किती ते आठवत नाही, पाकळ्यांच्या कडा बारीक निबने ओढलेल्या. आमच्या प्रेमकथांत फुलांचा एक कायदा आहे आणि तो शाळकरी पोरींना पाठ असतो: फुलं फक्त नायिकेच्या मागे उमलतात. मैत्रिणीच्या मागे शाळेची भिंत येते, फार तर ढग. इझुमी आमच्या गोष्टीत नायिका सायोची मैत्रीण. सोळा वर्षांची, मुलगा म्हणून जन्मली, मुलगी म्हणून जगायला निघाली आहे. या अंकात ऑक्टोबरची पहिली तारीख आहे, सगळी शाळा उन्हाळी कपडे टाकून हिवाळी गणवेशात येते, आणि त्या गर्दीत इझुमी पहिल्यांदा मुलींच्या गणवेशात येते. तिची रिबन वाकडी असते, सायो ती नीट करते, आणि सायोच्या चेहऱ्यामागे फुलं उमलतात, कारण तोगावा नावाचा मुलगा तिच्याकडे बघत असतो. उमलायला हवी होती. पण ती उमलली होती इझुमीच्या मागे. आणि आज तीन वाजता आमचे संपादक इगाराशी येणार होते, शेवटचे तीन भाग ठरवायला. त्यांच्या मते इझुमीने आता शाळा बदलून दूर सेंदाईला जावं. मला वाटत होतं, जाऊ नये. पण मागचं काढणाऱ्या बाईला कोण विचारतं?

मी उठले. जाता जाता एकदा वळून पाहिलं. बुटकी पुढचं पान उलटायला बघत होती आणि उंच पोर तिचा हात दाबून धरत होतं. थांब ना, म्हणत होतं, एवढं बघू दे.

कालव्याकाठच्या रस्त्याने मी निघाले. हा रस्ता दहा मिनिटांचा, मी तो पंचवीस मिनिटांचा केला. पोटात भीतीचा गोळा होता हे खरं, पण त्या गोळ्याच्या आत काहीतरी नाचत होतं, आणि या दोन्हींना एकाच पोटात ठेवून चालणं मोठं कठीण. भीतीचं कारण सरळ होतं. छापलेली चूक परत घेता येत नाही, आणि आमच्या गोष्टी रचून त्यांतली माणसं काढणाऱ्या कुवाबारा सेन्सेईंच्या तीस वर्षांच्या कामात अशी चूक झालेली नाही. पण नाचत होतं ते काय? मी ते पान कसं काढलं ते आठवू लागले. फुलं काढताना मी कागद उलटा करते. आमच्यातल्या बऱ्याच जणी करतात, मनगट बाहेरच्या बाजूला सहज फिरतं, पाकळी एका ओढीत येते. उलट्या कागदावर माणसं खाली डोकं वर पाय, डावी उजवीकडे गेलेली. सेन्सेई फिकट निळ्या पेन्सिलीने खुणा करून देतात, ती निळाई छापताना उमटत नाही. फुलीची खूण म्हणजे काळं भरायचं आणि गोल म्हणजे फुलं. गोल होता, दोन डोक्यांपैकी एकाशी होता, मी कागद फिरवला आणि दुसऱ्या डोक्याभोवती काढत गेले. इतकं सोपं. कुणीही मान्य करेल. फक्त मला ते पुरतं पटत नव्हतं, कारण इझुमीचं डोकं मी उलटं काय, अंधारात बोट फिरवूनही ओळखेन. त्या दुपारी मी काढताना गुणगुणत होते. शेजारी काढत बसलेल्या मिझुहोने विचारलंसुद्धा, आज स्वारी खुशीत दिसतेय? मला तेव्हा माझ्या खुशीचं कारण माहीत नव्हतं.

आमच्या मांगा-चित्रकथांत इझुमीसारखी माणसं आधीही येऊन गेली आहेत आणि त्यातल्या कितीतरींच्या मागचं मीच काढलं आहे. एक ती, जाड ओठांची, नायकाच्या गळ्यात पडणारी, लोकांना हसवून जाणारी; तिच्या हनुवटीवरचे दाढीचे खुंट मी एकेक ठिपका देऊन टोचले आहेत, त्यावर मी पोट भरलं आहे, नाही कशाला म्हणू? मग ती, जिचा केसांचा टोप वाऱ्याने उडतो आणि पानभर काळी वीज चमकते, जणू कुणाचा खूनच उघडकीला आला. ती वीजही माझीच, फार सुरेख जमली होती. पण सगळ्यात जास्त राग मला त्या गोड बाईचा. ती शहाणी असते, समजूतदार असते, नायक-नायिकेचं जुळवून देते आणि शेवटी फलाटावर हसून हात हलवते. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. मी असले आठ फलाट काढलेत. वयाच्या चौदाव्या वर्षी मी हे सगळं वाचत होते, मिळेल ते, आणि प्रत्येक गोष्टीत एकच शोधत होते: यातली मी कोण? ठिपके माझे? वीज माझी? रात्री अंथरुणात हनुवटीवरून बोट फिरवायचे आणि पहिल्या खुंटाची वाट बघायचे, फाशीच्या तारखेची बघावी तशी. तेव्हा फुलांचं मी मनातही आणलं नव्हतं. गरिबाने राजवाड्याच्या भाड्याची चौकशी करू नये, तसं.

एकदाच आणलं, किंवा आणलं गेलं. माझ्या गावी, साकातामध्ये, समुद्राकडून बोचरा वारा येतो त्या गल्लीत, माझ्या तोमिए आत्याचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं. रविवारी मी तिथे केर काढायला जायचे, कारण केस वाळवायच्या यंत्राखाली बसणाऱ्या बायकांसाठी ठेवलेली मासिकं तिथे फुकट वाचायला मिळत. ताठ कॉलरचा मुलांचा गणवेश मी आल्या आल्या खिळ्याला टांगायचे आणि आत्याचा जुना झगा केर काढण्यापुरता अंगावर चढवायचे. दोघींपैकी कुणीच त्यावर कधी बोललं नाही. मागच्या भिंतीला गुलाबांचा कागद होता. लावणाऱ्याने जोड चुकवला होता, त्यामुळे काही गुलाब अर्धेच, एकाला दोन देठ, आणि सगळ्यांत मोठा पूर्ण गुलाब नेमका एकच. एका रविवारी दुकान रिकामं होतं. हातात झाडू, जमिनीवर कुणाकुणाचे काळे-पांढरे केस, आणि मी सहज मान वर केली, तर आरशात माझं डोकं आणि त्यामागे गुलाब. मी हललेच नाही. श्वाससुद्धा जपून घेतला. आत्या गल्ल्याशी बसून संत्रं सोलत होती, तिने मला पाहिलं, आरशात पाहिलं, संत्र्याची एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, "जरा डावीकडे सरक. मोठा गुलाब तिकडे आहे." मी सरकले. बस, एवढंच घडलं. त्या दिवशी घरी जाऊन मी तीन वाडगे भात खाल्ला आणि आई म्हणाली, आज काय भुतं जेवताहेत का पोटात. पुढची कितीतरी वर्षं मी त्या तीन वाडग्यांवर काढली. आत्या गेली तेव्हा दुकान विकलं गेलं, त्या गुलाबांवर कुणीतरी पांढरा रंग दिला असणार. माझ्याकडे तो कागद नाही, पण बोटांत आहे. मी गोष्टीत गुलाब काढते तेव्हा एकाला हटकून दोन देठ येतात, आणि सेन्सेईंना वाटतं ती माझी शैली आहे.

स्टुडिओ म्हणजे सेन्सेईंच्या घराची वरची खोली. मी पोचले तेव्हा मासिक टेबलावर उघडं पडलं होतं, त्याच पानावर. माझी धाकटी जोडीदार मिझुहो, चोवीस वर्षांची, तोंडात पेन धरून माझ्याकडे बघत होती. कुवाबारा सेन्सेई खिडकीशी निब धूत होत्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई, आवाज तपकीर ओढल्यासारखा, आणि पाठ इतकी वाकलेली की उभ्या राहिल्या तरी टेबलाशीच बसल्यासारख्या दिसतात. चौदा वर्षांपूर्वी मी त्यांच्यापुढे कागदपत्रं ठेवली तेव्हा त्यांवर माझं जुनं नाव होतं. त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वेलीवरची फुलं येतात का काढता?" येतात म्हटलं. "मग सोमवारपासून ये. हाक काय मारू?" ओरिए, म्हटलं. त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही, आणि याचं मला इतकं बरं वाटायचं की कधीकधी वाईटही वाटायचं.

"सेन्सेई, माझ्या हातून चूक झाली," मी कमरेत वाकून म्हणाले. "कागद उलटा होता."

"हं," त्या म्हणाल्या आणि निब पुसत राहिल्या.

इगाराशी तीनला पाच कमी असताना आले, ते नेहमीच तसे येतात. माणूस वाईट नाही, भेटायला येताना गोड बीनचे केक आणतो, सेन्सेईंच्या पाठीसाठी औषधी पट्ट्या आणतो. पण त्या दिवशी केक टेबलावर ठेवतानाच त्यांनी पानावर बोट ठेवलं. "सेन्सेई, सकाळपासून फोन खणखणतोय. वाचकांचा गोंधळ उडालाय हो. तोगावा बघतोय सायोकडे आणि फुलं उमलताहेत इझुमीच्या मागे. आता नायिका कोण मानायची? लोक विचारताहेत, हा इशारा आहे का?"

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

"होतं हो, ओरिए-सान, होतं," ते मनापासून म्हणाले. "पुस्तक निघेल तेव्हा दुरुस्त करून टाकू. इझुमीच्या मागची फुलं पांढऱ्याने घालवा, सायोच्या मागे काढा. तुम्हाला काय, दोन तासांचं काम. आणि तीन भागांत इझुमी सेंदाईला गेली की कुणाला आठवणारसुद्धा नाही. फलाटाचं दृश्य तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमतंय?"

मासिकातले भाग जमवून पुढे पुस्तक निघतं, आणि त्यात दुरुस्ती करणं ही आमची रीतच आहे. मासिकात कुणाच्या हाताला सहा बोटं आली तर पुस्तकात पाच होतात. मी पांढऱ्या रंगाची बाटली रोज हाताळते, तिचं झाकण कसं करकरतं तेही मला पाठ आहे. हो म्हणायला तोंड उघडलं होतं. पण डोळ्यांपुढे ते उंच पोर आलं, मासिक मिटून पुन्हा उघडणारं. ते पुस्तकही घेईल. पैसे साठवून घेईल, ते पान काढेल आणि तिथे कोरं असेल. मग ते म्हणेल, बघ, मी म्हटलं नव्हतं, चुकून झालं होतं.

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "मी घालवणार नाही. चूक माझी आहे, पण दुरुस्त मी करणार नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या आणि मला काढून टाकायचं तर टाका. आज बाकावर एक पोर बसलं होतं. त्याने ते पान मिटलं आणि फुलं अजून आहेत का ते बघायला परत उघडलं. चौदाव्या वर्षी मीही हेच केलं असतं, पण उघडून बघायला मला कुणी पानच दिलं नाही. इगाराशी-सान, मी इझुमीसारखी होते. म्हणजे, आहे."

मिझुहोच्या तोंडातलं पेन खाली पडलं. मी मनाशी दहा आकडे मोजायचे ठरवले आणि चारलाच ती किंचाळली, "मग आधी बोलायचं नाही का हो! चार भाग झाले मी इझुमीची रिबन काढतेय, मला कळतच नाही की ती आरशात बघून बांधते की न बघता!"

"न बघता," मी म्हटलं. "पहिले सहा महिने न बघता. म्हणून तर वाकडी असते."

"बघा! मी बघूनच काढत होते! सगळं चुकलं!"

इगाराशींनी एकदम मान खाली घातली, इतकी की कपाळ केकच्या खोक्याला लागलं. "मी... मी त्या फलाटाबद्दल जे बोललो... आणि आम्ही तर कार्यालयात दोन वर्षं चर्चा करतोय की या गोष्टीसाठी कुणी जाणकार माणूस शोधायला हवा."

"शोधा, शोधा," सेन्सेई खिडकीशी बसून म्हणाल्या. "जाणकार चौदा वर्षं तुमच्या पाठीमागे बसून झाडं काढतेय. तुम्हाला चहासुद्धा तीच देते." मग त्यांनी निब खाली ठेवली आणि माझ्याकडे वळल्या. "आणि तू. तीस वर्षं पानं बघतेय मी. तुला काय वाटलं, सतरा फुलं भलत्या डोक्यामागे गेली ती मला पान पाठवताना दिसली नसतील?"

"मग थांबवलं का नाही?"

"गुणगुणत होतीस," त्या म्हणाल्या. "चौदा वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, असू दे."

मला रडू आलं. लपवायचा प्रयत्न मी केला नाही, नाक पुसायला समोरचा कागद घेतला तो इगाराशींचा निघाला, शेवटच्या तीन भागांचा आराखडा. तो तसाही बाद झाला होता, हे त्या क्षणी चौघांनाही कळलं होतं, इगाराशींना जरा उशिरा. त्यांनी चष्मा पुसला. "पण सेन्सेई, व्यवहाराचं बोलायचं तर, नायिका दोन कशा चालतील? फुलं दोघींच्या मागे?"

"का? फुलांचा काय तुटवडा पडलाय? मी आजवर उगाच रेशनवर वाटत बसले. ओरिए काढते ना."

"आणि सेंदाई?"

"कुणीतरी जायलाच हवं असेल तर गणिताच्या मास्तरांना पाठवा. नाहीतरी त्यांचे कान मला जमत नाहीत."

मग केक उघडले गेले. मिझुहोने दोन खाल्ले आणि मला एकामागून एक असे प्रश्न विचारले की काहींना उत्तर देताना माझे कान लाल झाले आणि काहींना उत्तर देताना मी पोट धरून हसले. इगाराशी वहीत सगळं लिहून घेत होते, मी हसले तेही बहुतेक. माझ्या पोटातला गोळा कुठे गेला कोण जाणे, नाचणारं तेवढं उरलं होतं आणि आता त्याला जागा भरपूर होती. चौदा वर्षं मी या खोलीत पाठमोरी बसत होते. त्या दुपारी मिझुहोने माझी खुर्ची ओढून टेबलाच्या मधोमध आणली. बोलताना दिसायला हवं म्हणे.

सेन्सेई आमच्यात नव्हत्या. त्यांनी दोन पानांचा सलग कागद पसरला होता आणि पेन्सिल चालू होती. शेवटच्या भागाचं शेवटचं चित्र त्या नेहमी सगळ्यांत आधी काढतात. तासाभराने त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. शाळेचं फाटक, वारा, आणि दोन्ही पानं व्यापून इझुमी, एकटी, समोर बघणारी, रिबन वाकडी. डोक्याभोवती निळ्या पेन्सिलीचा गोल इतका मोठा होता की कागदाच्या कडेबाहेर टेबलावरही उमटला होता.

"किती काढू?" मी विचारलं.

"मावतील तेवढी."

मी निब शाईत बुडवली. कागद उलटा करायला हात गेला, पण मी थांबवला. आज सुलटाच ठेवला. इझुमी माझ्याकडे बघत होती. मी तिच्यामागे मनातल्या मनात भिंतीचा तो कागद लावून पाहिला, अर्धे गुलाब, दोन देठांचा एक, जोड चुकलेला, आणि माझा हात तसाच अधांतरी राहिला.

"आता काय झालं?" सेन्सेई म्हणाल्या.

"सेन्सेई, इझुमीला जरा डावीकडे घ्याल?"

"का गं?"

"मोठा गुलाब तिकडे आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोडरबर उचललं, तासभर खपून काढलेला तो चेहरा पुसला आणि डावीकडे सरकून पुन्हा काढायला बसल्या.